दहा महिने झालेला आचारी आणि धंद्यातली माणसं

प्रश्न : मेलबर्नमध्ये टार्नेटला आमचं डब्यांचं किचन आहे, नऊ माणसांचं. एक आचारी पहाटेच्या शिफ्टला सारखा उशिरा यायचा. तीन-चार वेळा तोंडी समज दिली. शेवटी एका शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर ‘उद्यापासून येऊ नका’ असं कळवलं. त्याला लागून दहाच महिने झाले होते. सोळाव्या दिवशी त्याने फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे, अर्ज केला. छोट्या धंद्यात वर्षाच्या आत काढलं तर माणूस तक्रार करू शकत नाही, असं मैत्रीण म्हणाली होती. मग हा अर्ज टिकतो कसा?

उत्तर : ताई, तुमच्या मैत्रिणीने सांगितलेला नियम खरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या फेअर वर्क कायद्यानुसार छोट्या धंद्यातल्या माणसाला अन्याय्य बडतर्फीचा अर्ज करायचा तर 12 महिने नोकरी झालेली हवी. इतर ठिकाणी 6 महिने पुरतात. पण तुमचा धंदा त्या अर्थाने ‘छोटा’ आहे का, हे आधी बघावं लागेल. तुमचा रोस्टर आणि कंपनीचे कागद दोनदा वाचले, आणि मला काळजी वाटते.

छोटा धंदा म्हणजे 15 पेक्षा कमी माणसं. यात उलाढाल किंवा जागा किती, याला महत्त्व नाही. डोकी मोजायची, म्हणजे आठवड्याला दहाच तास येणारी बाईसुद्धा पूर्ण एक. तुम्ही नऊ म्हणता. पण ज्याला काढलं तोही धरायचा असतो, म्हणजे दहा. शिवाय दर शुक्रवार-शनिवारी डबे भरायला येणारे ते चार विद्यार्थी. कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरीत नसलेले, असले तरी ते गेल्या वर्षापासून नेमाने येतात, आणि नियमित येणारा कॅज्युअल मोजला जातो. झाले चौदा. इथवर तुम्ही वाचता. पण तुमच्या यजमानांची साफसफाईची कंपनी आहे, तिथे पाच माणसं. दोन्ही कंपन्यांचे एकमेव संचालक आणि शेअरहोल्डर तेच. अशा एकाच ताब्यातल्या संलग्न कंपन्यांची माणसं एकत्र मोजतात. एकोणीस झाली. म्हणजे माझ्या मते त्याला 6 महिन्यांची अट लागू होते आणि ती त्याने पार केली आहे. अर्ज टिकेल.

मुदत चुकू देऊ नका. अर्जाची प्रत मिळाल्यापासून 7 दिवसांत फॉर्म एफ3 मध्ये उत्तर द्यावं लागतं. त्यात ‘आम्ही छोटा धंदा’ असा आक्षेप ठोकून द्यायचा मोह होईल. देऊ नका. कंपन्यांची माहिती सरकारी नोंदीत आहे, दोन मिनिटांत सापडते, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता मूळ मुद्दा. उशीर हे कामावरून काढण्याचं योग्य कारण ठरू शकतं. पण कमिशन पुढेही विचारतं : त्याला कारण सांगितलं का? त्याची बाजू ऐकली का? सुधारला नाहीस तर नोकरी जाईल, असं आधी स्पष्ट बजावलं होतं का? ‘अरे, वेळेवर येत जा’ ही सूचना झाली, ताकीद नव्हे. आणि रात्री अकराचा एका ओळीचा मेसेज तर या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं नाही म्हणून देतो. तुम्ही छोट्या धंद्यात बसत असता तरी त्यासाठीच्या खास संहितेत तोंडी ताकीद चालते, पण कारण, ताकीद आणि सुधारायची वाजवी संधी द्यावी लागतेच, आणि ती दिल्याचा पुरावाही तुम्हालाच दाखवावा लागतो. चोरी, मारामारी यांसारख्या गंभीर प्रकरणात तडकाफडकी काढता येतं. उशीर त्यात येत नाही.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. किचनच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्याच्या उशिराच्या नऊ तारखांना तुम्ही तेव्हाच लाल पेनाने गोल केलेत. ती पानं जशीच्या तशी जपा, त्यात आता एक टिंबही वाढवू नका. दुसरं, धंद्याचा आकार आणि एचआरचा माणूस नसणं, हेही कमिशन विचारात घेतं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘आदल्या आठवड्यात त्याने शनिवारचा जादा दर मागून वाद घातला होता.’ ताई, हे साधं नाही. पगाराबद्दल विचारलं म्हणून काढलं, असा दावा वेगळ्या तरतुदीखाली करता येतो. तिथे ना महिन्यांची अट, ना माणसांची. शिवाय काढण्याचं कारण ते नव्हतंच, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. त्याचा शनिवारचा दर खरंच कमी पडला असेल तर आजच हिशोब करा. थकलेल्या पगाराचा दावा 6 वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो. बाकीच्यांचे शनिवारही तपासा.

एका आठवड्याची नोटीस किंवा तेवढा पगार, म्हणजे 1,150 डॉलर, आणि साठलेली वार्षिक रजा तुम्ही दिलेली नाही. ते त्याचं आहे, निकालाची वाट न पाहता द्या. दहा महिने तो पहाटे तुमचे डबे रांधायला येत होता.

पुढे बहुधा फोनवर समेटाची बैठक लागेल. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, तुम्हीही मिटवा असं मी सांगेन. अन्याय्य बडतर्फीत भरपाईची कमाल मर्यादा 26 आठवड्यांचा पगार, म्हणजे तुमच्या बाबतीत 29,900 डॉलर; पण तो आता दुसऱ्या हॉटेलात लागलाय आणि नोकरीही दहाच महिन्यांची, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बराच खाली यावा. मनस्तापासाठी वेगळे पैसे या कायद्यात मिळत नाहीत. मात्र शनिवारचा दर मागितला म्हणून काढलं, असा दावा पुढे आला तर ही मर्यादा धरून चालू नका. म्हणून समेट लेखी करा आणि त्यात सगळे दावे मिटल्याचं स्पष्ट लिहून घ्या. वाजवी चार-सहा आठवड्यांचा पगार आणि कामाचा दाखला, इथून बोलणी सुरू करा.

एफ3 चा मसुदा गुरुवारपर्यंत पाठवा, मी वाचून देते. तोवर त्याला तुमच्याकडून किंवा यजमानांकडून एकही मेसेज जाऊ देऊ नका.