माणसांना सांगू का, मॅडम?

छोटा धंदा चालवणारा माणूस माझ्याकडे समुपदेशनाला आला की तिसऱ्या-चौथ्या भेटीत एक प्रश्न हमखास निघतो. धंदा अडचणीत आहे हे कामावरच्या माणसांना सांगावं का? सांगितलं तर ती दुसरीकडे बघायला लागतील. नाही सांगितलं तर एक दिवस अचानक शटर ओढायची वेळ येईल. गॅरेजवाल्यानं विचारलाय, कापडदुकानदारानं विचारलाय, क्लास चालवणाऱ्या बाईंनी विचारलाय. मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. सुहासरावांची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरचे काही तपशीलही बदललेत. छापखाना मात्र छापखानाच ठेवलाय, नाहीतर गोष्टीत काही उरणार नाही. त्यांना वाचून दाखवून मगच इथे लिहिते आहे.

ते आले २०२४ च्या सुरुवातीला, पोटाच्या तक्रारीवर. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून झाल्यावर माझ्याकडे पाठवलं होतं. वय सेहेचाळीस, सांगलीच्या एका पेठेत वडिलांनी १९८१ साली टाकलेला छापखाना. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी टेबलावरचं माझं व्हिजिटिंग कार्ड उचललं, अंगठा आणि बोटात धरून चोळलं आणि म्हणाले, "तीनशे जीएसएम. मॅट लॅमिनेशन. कुठून केलंत?"

मी ते मोबाइलवरून मागवलं होतं. शंभर कार्डं, कुरियरनं घरपोच. खोटं बोलायचा मोह झाला, पण खरं तेच सांगितलं.

"मग मी कशाला आलोय ते तुम्हाला सांगायला नको," ते म्हणाले आणि हसले. त्या दिवशी ते हसले ते तेवढंच.

हकीगत हळूहळू बाहेर आली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. छापखान्यात पाणी शिरणं म्हणजे काय ते त्यांनी हातानं दाखवलं. कागदाचं रिम भिजलं की पावासारखं फुगतं, कडा चिकटतात, मग ते रद्दीतसुद्धा कोणी घेत नाही. ऑफसेट छपाईच्या मशीनची मोटार गेली. कर्ज काढून उभे राहतात न राहतात तोच मार्च २०२० आला, आणि पन्नास माणसांत लग्नं उरकायला लागली. पन्नास माणसांना पत्रिका कोण छापतं? पुढे निर्बंध उठले, लग्नं पुन्हा दणक्यात व्हायला लागली, पण पत्रिका परत आली नाही. पूर्वी हजार पत्रिका छापणारं घर आता शंभर छापतं. पहिली गणपतीला, काही कुलदैवताला आणि मानाच्या पाहुण्यांना. बाकीच्यांना व्हॉट्सॲप. "माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" ही ओळ आता मोबाइलवर नाचत येते. बिलबुकांचंही तसंच झालं. लोक संगणकावर बिल काढायला लागले. शाळांची कामं होती, पण पैसे वर्षवर्ष अडकलेले.

रात्री तीनला जाग यायची, ती पाचपर्यंत. आईच्या पाटल्या बँकेत तारण होत्या आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. कामावर तीन माणसं. आण्णा, वय साठच्या पुढे, वडिलांच्या वेळचे कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी शिशाची अक्षरं जुळवणारे, आता बायंडिंग आणि कटिंग बघायचे. एक मशीनमन, चाळिशीतला. आणि डीटीपीला, म्हणजे संगणकावर मजकूर मांडायला, एक मुलगी. महिन्याला तिघांचे मिळून पंचेचाळीस हजार. दोन वर्षं एकदाही पगार चुकला नव्हता. त्यासाठी सुहासराव स्वतः काय काय विकत होते ते फक्त त्यांनाच ठाऊक.

अशा वेळी आत्महत्येबद्दल मी आडून विचारत नाही, सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. ते म्हणाले, "करावंसं नाही वाटत. पण सकाळ होऊ नये असं वाटतं." म्हणून तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरल्या. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवायचा. आणि तसं काही वाटलं तर कोणाला हाक मारायची, ते नाव मला सांगायचं. नाव घेतलं मेहुण्याचं. बायकोचं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत माझी एक चूक झाली. ते सारखं म्हणत होते, वडिलांनी उभं केलं, मी बुडवतोय. मला वाटलं, माझ्याकडे याचं छान उत्तर आहे. वडिलांनीच तर नव्वदच्या दशकात डीटीपी आल्यावर शिशाचे खिळे, म्हणजे ती छपाईची अक्षरं, किलोवर मोडीत घातले होते, ट्रेडल हे जुनं छपाईयंत्र कोपऱ्यात सारून ऑफसेट घेतली होती. मी म्हटलं, "म्हणजे धंदा बदलणं हीच तुमच्या घरची परंपरा नाही का?" सुहासराव भडकले. "ते वेगळं, मॅडम. ते वाढताना बदलले. मी आकसताना बदलायचंय. वाढणाऱ्याला लोक हुशार म्हणतात. आकसणाऱ्याला काय म्हणतात माहिती आहे ना?"

बरोबरच होतं. समुपदेशकाला सुचलेला छान युक्तिवाद बहुतेक वेळा समुपदेशकासाठीच असतो. मी गप्प बसले. पण त्या रागातून एक कळलं. पैशाच्या काळजीपेक्षा लाजेचं ओझं मोठं होतं, आणि माणसांपासून लपवण्यामागे त्यांची काळजी होती तितकीच ही लाजही होती.

मग वह्या काढल्या. हे काम खरं तर सीएचं, पण त्यांना सीएकडे जायचीही लाज वाटत होती, म्हणून सुरुवात माझ्या टेबलावर झाली. दोन वह्या, एक धंद्याची, एक घराची. तोवर सगळं एकाच गल्ल्यातून चालायचं. मुलाची फी, शाईचे डबे, किराणा, छपाईच्या प्लेटा. स्वतःला पगार शून्य. पहिल्यांदा त्यांनी आपल्या नावापुढे महिना पंचवीस हजार लिहिले तेव्हा पेन दोनदा थांबलं. तीन महिन्यांच्या कामांचा हिशोब मांडल्यावर दिसलं, ज्या पत्रिकांसाठी ते इतके हळहळत होते त्यांत आता फारसं सुटतच नव्हतं. सुटत होतं ते छोट्या कामांत. हळदीच्या पाकिटांवरची लेबलं, बेदाण्याचे बॉक्स, घरून मसाले-चटण्या विकणाऱ्या बायकांचे दोनशे-तीनशे स्टिकर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथून पाकीटबंद हळद विकणारे छोटे लोक वाढल्याचं त्यांचं म्हणणं. ही कामं ते "चिल्लर" म्हणून दिवसाच्या शेवटी उरकत होते.

येणं बाकी होतं चार लाखांच्या घरात. सीएनं पहिल्याच बैठकीत उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करायला लावली आणि तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातलं ते ४३बी(एच) कलम समजावलं, ज्याची २०२४ च्या मार्चमध्ये व्यापाऱ्यांत बरीच धांदल उडाली होती. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करासाठी दाखवता येत नाही. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. जुन्या बिलांना त्याचा उपयोग बेताचाच आणि शाळांना त्याचं भय नाही, पण इथून पुढच्या कामाला दोन-तीन कंपन्यांचे पैसे वेळेवर यायला लागले. माझं काम मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. पैसे मागायला फोन उचलला की त्यांचा घसा कोरडा पडायचा. आम्ही तो फोन खोलीत सात-आठ वेळा करून बघितला. मी हेडमास्तर व्हायची.

माणसांना सांगण्याआधी बायकोला सांगायचं होतं, हा क्रम मी सोडला नाही. पाटल्यांची गोष्ट आधी घरात, मग बाकीचं प्रेसमध्ये. त्यांनी सांगितलं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही तीनला जागे असता हे मला माहीत होतं. मला वाटलं, दुसरंच काही आहे." हे सांगताना सुहासराव खूप वेळ खिडकीकडे बघत होते.

प्रेसमध्ये काय बोलायचं ते लिहून काढलं. कर्जाचा प्रत्येक आकडा सांगायची गरज नव्हती. हे सांगायचं होतं की काम किती कमी झालंय, पुढचे चार महिने पगार नक्की होतील, त्यानंतरचं आत्ता सांगता येत नाही, आणि कोणाला दुसरीकडे बघायचं असेल तर राग नाही. "सगळं ठीक होईल" हे वाक्य त्यांनी दोनदा घातलं, मी दोनदा खोडलं. ते त्यांच्या हातात नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर चहा मागवला आणि बोलले. आधी कोणीच काही बोललं नाही. मग आण्णा म्हणाले, "मग तुम्ही जागा विकत नाही होय?" सहा महिन्यांपूर्वी बँकेचा माणूस मोजमाप करून गेला होता. तेव्हापासून तिघांनी मिळून ठरवून टाकलं होतं की मालक बिल्डरला जागा देणार. आण्णांनी घरी तसं सांगूनही ठेवलं होतं. सुहासराव ज्यांना धक्का बसू नये म्हणून धडपडत होते, ती माणसं सहा महिने त्याहून वाईट धक्क्याची तयारी करत बसली होती.

डीटीपीची मुलगी रडायला लागली. तिचं वेगळंच निघालं. ती रात्री घरी बसून लोकांना व्हॉट्सॲपच्या पत्रिका करून द्यायची, तीनशे रुपयांना एक. मालकांना कळलं तर काढतील म्हणून लपवत होती. आता तेच काम प्रेसच्या पाटीखाली चालतं. शंभर छापील आणि एक मोबाइलवरची असं एकत्र, आणि त्यातला ठरलेला वाटा तिचा.

मशीनमन दोन महिन्यांत सोडून गेला. कुपवाडच्या एका पॅकेजिंगवाल्याकडे जास्त पगार मिळाला. सांगितल्याचा हा तोटा, तो झालाच. सुहासराव आठवडाभर माझ्यावर नाराज होते. मी त्यांना हेही सांगितलं नाही की तो नाहीतरी गेलाच असता. कोणास ठाऊक, नसताही गेला. पण महिनाभर आधी सांगून, नव्या पोराला मशीन शिकवून गेला, एवढं खरं.

मधे एकदा त्यांनी माझी कार्डं छापून द्यायचं म्हटलं. समुपदेशन चालू असताना मला त्यांच्याशी व्यवहार करता येत नाही हे समजावलं. त्यांना ते पटलं नाही, अजूनही नसावं.

भेटी थांबून आता बरेच महिने झाले. तीनला जाग अधूनमधून येते, गोळी बंद आहे. पाटल्यांपैकी एक सुटली. परवा खंडेनवमीला फोन आला, मागून घंटेचा आवाज येत होता. मशीनची पूजा झाली, आण्णांनी कोपऱ्यातल्या ट्रेडललाही हार घातला म्हणाले. जुना मशीनमन प्रसादाला आला होता. चप्पल काढून थेट मशीनपाशी गेला, रोलरवर बोट फिरवलं आणि नव्या पोराला म्हणाला, "रात्री धुतला नाहीस होय रे?"