तिच्या वतीने ठरवू नका

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मिळालं. गटाचं नाव तुम्ही लिहिलं आहे, ते इथे देत नाही. बाकी हकिकत इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची धाकटी बहीण विसाव्या वर्षी एका धार्मिक गटात गेली. नऊ वर्षांनी, तीन महिन्यांपूर्वी, एक पिशवी घेऊन ती तुमच्या दारात उभी राहिली. तुम्ही एका शब्दाने न विचारता तिला घरात घेतलंत. मग गटाची पुस्तकं आणि प्रमुखांचे फोटो टाकून दिलेत, तिचा फोन नंबर बदललात, तिच्यासाठी नोकरीचे अर्ज भरलेत. रोज संध्याकाळी तिला गटाचा खोटेपणा दाखवणारे व्हिडिओ लावून देता. ती मात्र अजून ‘आंघोळीला जाऊ का?’ असं विचारते, पहाटे उठून प्रार्थना करते, आणि प्रमुखांविषयी कुणी वाकडं बोललेलं तिला सहन होत नाही. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, ‘तिथेही मला काय हवंय ते कुणी विचारत नव्हतं, इथेही नाही.’ हे ऐकून तुम्ही रात्रभर रडलात. एवढं करूनही ती असं का बोलते, आणि आता काय करू, असं तुम्ही विचारता.

तिचं ते बोलणं कृतघ्नपणाचं नाही. तीन महिन्यांतली ही सगळ्यात चांगली खूण आहे, असं मी म्हणेन. ज्या जागी तक्रार करणं हेच पाप होतं, तिथून आलेली मुलगी तुमच्या तोंडावर ‘मला हे आवडत नाही’ म्हणाली. आपण असं बोललो तरी ताई घराबाहेर काढणार नाही, एवढा भरवसा तिला तुमच्याबद्दल वाटला.

पण ती जे म्हणाली ते खरंही आहे, आणि तुम्हाला लागेल हे ठाऊक असूनही मी ते लिहिते आहे. काय वाचायचं, कुणाशी बोलायचं, कशावर विश्वास ठेवायचा, हे तिथे दुसरं कुणीतरी ठरवत होतं. आता ते तुम्ही ठरवता. तुमचा हेतू प्रेमाचा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तिच्या वाट्याला मात्र पुन्हा मान डोलावणंच येतं. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी दीर्घकाळ छळ सोसलेल्या माणसांविषयी 1992 मध्ये जे मांडलं, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा आहे: ज्याची सत्ता हिरावली गेली त्याला ती परत मिळणं, हीच बरं होण्याची पहिली अट. जो उपाय ती सत्ता पुन्हा काढून घेतो, तो वरवर कितीही हिताचा दिसला तरी माणसाला सावरत नाही.

जबरदस्तीने डोळे उघडण्याचा प्रयोग जगात होऊन गेला आहे. 1970च्या दशकात अमेरिकेत घाबरलेले आईवडील आपल्या सज्ञान मुलांना पंथांतून अक्षरशः पळवून आणत, खोलीत कोंडत, आणि विश्वास मोडेपर्यंत त्यांच्याशी वाद घालण्यासाठी माणसं नेमत. टेड पॅट्रिक हा त्यातला सर्वांत गाजलेला माणूस. त्याला तुरुंगात जावं लागलं. काही मुलं परतली, काही आणखी घट्टपणे पंथाला चिकटली, आणि परतलेल्यांपैकी काहींना त्या कोंडण्याचीच जखम राहिली. तुम्ही बहिणीला कोंडलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी ते संध्याकाळचे व्हिडिओ आजपासून बंद करा. तिला पाहायचे असतील तेव्हा ती शोधून पाहील.

‘आंघोळीला जाऊ का?’ या प्रश्नाने तुमचा जीव तुटतो, हे तुमच्या अक्षरातूनही दिसलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांनी पंथ सोडलेल्या अनेकांशी बोलून 1979 मध्ये त्यांच्या अडचणी लिहिल्या. साधा निर्णय न घेता येणं, एकटेपण, उदासी, मध्येच भान हरपून जुन्या अवस्थेत जाणं, लक्ष न लागणं, अपराधीपणा, गटाची भीती, हे सगळं त्यात आहे. त्यातली एक गोष्ट विशेष तुमच्यासाठी. ही माणसं सांगत की घरचे सतत आमच्यावर डोळा ठेवून असतात. जरा गप्प बसलो, कुठे टक लावून पाहिलं, की ‘परत जायचं मनात आहे का?’ अशी नजर. ती उठून प्रार्थना करते तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या राहता, असं तुम्हीच लिहिलं आहे. तिला तुमची चाहूल लागत असणार. उद्यापासून झोपून राहा.

तिने आंघोळीचं विचारलं तर ‘हो, जा’ म्हणू नका आणि ‘असं काय विचारतेस?’ म्हणून तिला लाजवूही नका. ‘तुला हवं तेव्हा जा, इथे विचारायला लागत नाही’ एवढंच, दर वेळी, त्याच शांत आवाजात. निवडीही लहान ठेवा. दोन गोष्टींतली एक निवडायला सांगा; दहा समोर ठेवल्यात तर ती गोठेल. आणि तिने निवडलेलं तुम्हाला आवडलं नाही तरी बदलू नका. हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे.

नोकरीचे अर्ज थांबवा. पुस्तकं आणि फोटो तिला न विचारता टाकलेत, त्याबद्दल तिची माफी मागा. स्पष्टीकरण न जोडता. ‘त्या वस्तू तुझ्या होत्या, मी विचारायला हवं होतं.’ मोठं माणूस आपली माफी मागतं, हे तिने नऊ वर्षांत पाहिलं असण्याची शक्यता कमीच.

आता तिच्या श्रद्धेचं. तिने प्रार्थना सोडली म्हणजे ती बरी झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. काही जण पुढे श्रद्धा पूर्ण सोडतात, काही दुसऱ्या वाटेने देवाकडे जातात, काही तीच प्रार्थना म्हणतात, फक्त भीतीशिवाय. तुम्ही स्वतः देव मानत नाही, असं लिहिलं आहे. मग हा भाग तुमच्यासाठी नाजूक आहे, कारण तिच्या मनात रिकामी झालेली जागा आपल्या मतांनी भरण्याचा मोह तुम्हाला होईल. ती जागा काही काळ रिकामीच राहू द्या.

प्रमुखांची बाजू ती का घेते? कारण तिथे सगळंच वाईट नव्हतं. तिथे तिच्या मैत्रिणी होत्या, सगळ्यांनी मिळून गायलेली गाणी होती, आपण जगासाठी काही करतो आहोत ही भावना होती. हे सारं एका दिवसात गेलं, आणि त्या मैत्रिणी आता तिच्याशी बोलणारही नाहीत. एवढं गमावलेल्या माणसाला शोक करायला जागा लागते. ‘सुटलीस बाई!’ असं म्हटलं की ती जागा संपते. ‘तुला तिथलं कोण आठवतं?’ असं विचारून पाहा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. खोदून मात्र काही विचारू नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी 1961 मध्ये विचारबदलाच्या सक्तीची जी लक्षणं नोंदवली, त्यांत मनातलं सगळं कबूल करायला लावणं हे एक आहे. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला मनातलं न सांगण्याचा हक्क नव्याने कळावा लागतो.

शाप लागेल, नरकात जाईन ही तिची भीती तर्काने जाणार नाही. ‘असं काही नसतं’ हे तिच्या डोक्याला कळतं. छातीतली धडधड ते ऐकत नाही. अशा वेळी वाद न घालता शेजारी बसा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या दिसणाऱ्या वस्तूंविषयी बोला, लाट ओसरू द्या. मात्र ती मरणाबद्दल बोलली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. इथे मात्र तिच्या संमतीची वाट पाहत थांबू नका.

समुपदेशकाचं तुम्ही विचारलं आहे. हो, पण तिची तयारी असेल तेव्हा, आणि तिने निवडलेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी 2011 मध्ये धार्मिक आघातातून येणाऱ्या त्रासाला वेगळं नाव दिलं. ते अधिकृत निदान नाही. पण दीर्घ छळानंतरचा गुंतागुंतीचा आघात-विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत स्वतंत्रपणे आहे. पहिल्या भेटीत तिने विचारावं: ‘नियंत्रण करणाऱ्या गटांतून बाहेर पडलेल्यांबरोबर काम केलं आहे का? माझी श्रद्धा राहिली तर तुम्हाला चालेल का?’ जो समुपदेशक तिला गटात परत जुळवून घ्यायला सांगतो किंवा स्वतःच्या धर्माकडे वळवू पाहतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. ‘इतकी शिकलेली असून फसलीस कशी?’ असं विचारणाऱ्याकडेही नाही. नातेवाइकांनाही हा प्रश्न विचारू देऊ नका. शिकलेली, चांगलं करू पाहणारी माणसंच अशा गटांना हवी असतात, आणि सगळ्या अटी दाखवून आत कुणालाच बोलावलेलं नसतं.

शेवटचा तुमचा प्रश्न, पोलिसांत तक्रार करायची का. तिची मूळ कागदपत्रं आणि बँकेचं पुस्तक गटाकडे राहिलं आहे, हे मला जास्त तातडीचं वाटतं. वकिलाला भेटा, पण तिला बरोबर घेऊन, आणि वकिलाने तिच्याशी बोलावं, तुमच्याशी नाही. गटाची माणसं दारात आली तर भेटायचं की नाही ते आधीच तिच्याशी ठरवून ठेवा. ती ‘नको’ म्हणाली तर दार तुम्ही सांभाळा. तिथे काय घडलं ते तिला लिहून ठेवायचं असेल तर वही द्या आणि ती वही उघडू नका. तक्रार करायची की नाही, केली तर कधी, हे ती सांगेल. तिने कधीच केली नाही, तर तेही तिचं उत्तर समजा.

तुमची,
ताई