सासूबाई चोरीचा आळ घेतात तेव्हा

ताई, स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया, विसरण्याचा आजार) झालेल्या सासूबाईंच्या तोंडून "सुनेनं पाटल्या चोरल्या" हे ऐकून काय होतं, मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंनी तर सगळ्या वाड्यात सांगितलं होतं. मी पुरावे देत बसले आणि भांडण वाढत गेलं. या आजारात वस्तू कुठं ठेवली ते त्यांना आठवत नाही, मग ती रिकामी जागा संशयानं भरते. म्हणून खुलासा करूच नका. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणा, शोधता शोधता चहा टाका. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये, हाताशी एक ग्रॅमच्या. (फसवणूक वाटेल. मला आता वाटत नाही.)

तिन्हीसांजेला "मला घरी जायचंय" सुरू होतं, तर दिवे जरा आधीच लावा.

पण वागणं दोन-तीन दिवसांत एकदम बिघडलं, तर आजारच वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, काहीही असू शकतं; लगेच डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे लघवीच्या तपासणीतच कारण सापडलं. झोपेची गोळी मात्र मनानं देऊ नका.

आणि नणंदबाईंना महिन्यातून चार दिवस राहायला बोलवा. फोनवरून सल्ले देणं फार सोपं असतं.