हप्ता थकला म्हणजे दिवाळं निघालं का?

प्रश्न : साताऱ्यात माझं एकट्याच्या मालकीचं कापड दुकान आहे. कर्जाचे तीन हप्ते थकलेत. मी दिवाळखोर ठरतो का? घर भावाच्या नावे करावं का?

उत्तर : नाही. हप्ते राहिले ती थकबाकी. देणी फेडण्याची ऐपतच संपली, तर ती नादारी (शाळेतली फीमाफीची नादारी वेगळी!), आणि त्यावर शिक्कामोर्तब न्यायालयच करतं. 2016च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली कंपन्यांची प्रक्रिया तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी 1920चा प्रांतिक नादारी कायदा. जिल्हा न्यायालयातल्या अर्जात सगळे धनको (ज्यांचं देणं आहे ते), प्रत्येकाची रक्कम आणि सारी मालमत्ता लिहावी लागते. घर मात्र हलवू नका. हस्तांतरणापासून दोन वर्षांच्या आत अर्ज होऊन तुम्ही नादार ठरलात, तर तसं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय पेठेत ‘दिवाळं निघालं’ऐवजी ‘दिवाळं काढलं’ म्हणतील. आधी बँकेकडे हप्ते लांबवून मागा.