खुर्च्या, छप्पर की स्क्रीन? आधी फक्कीची रेघ सरकवा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वणीकडचं तालुक्याचं गाव. पश्चिमेला चाळीसेक वर्षांपूर्वीची १२ पायऱ्यांची काँक्रीटची गॅलरी, पूर्वेला मातीचा भराव. जानेवारीत फुटबॉलची स्पर्धा भरते, खाणींच्या वसाहतींतून संघ येतात, माणसं भरपूर जमतात आणि तक्रार एकच असते की बसून काही दिसत नाही. आता निधी मिळायची चिन्हं आहेत आणि समितीत तीन तट पडलेत: एकाला प्लास्टिकच्या खुर्च्या हव्यात, एकाला पत्र्याचं छप्पर, एकाला मोठा एलईडी स्क्रीन. तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलं. पायरी १० इंच उंच, ३० इंच रुंद, पहिल्या पायरीपासून टचलाइन, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूची रेघ, २० फूट. बरेच जण मापं न देताच सल्ला मागतात.

आधी निकाल सांगतो. आज आहे त्या स्थितीत खुर्च्या बसवल्या तर दिसणं आणखी बिघडेल. उलट पश्चिमेची टचलाइन १० फूट आत घेतलीत, तर फक्कीच्या खर्चात वरच्या पायरीपर्यंत सगळ्यांना दिसायला लागेल.

हिशेब असा. आपण आपल्या बाजूच्या टचलाइनकडे पाहतो तेव्हा आपली नजर पुढच्या ओळीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, या मापाला स्टेडियम बांधणारे सी-व्हॅल्यू म्हणतात. डोळ्यापासून टाळूपर्यंत अंतर साधारण साडेचार इंच. त्यामुळे १२० मिलिमीटर मिळाले तर पुढचं डोकं मधे येतच नाही. ९० ला मान जराशी उचलावी लागते. ६० म्हणजे पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून पाहणं, आणि तिथंच मर्यादा धरतात. त्याच्या खाली गेलं की कोणीतरी वैतागून उभा राहतो, त्याच्यामागचा उभा राहतो, आणि पाच मिनिटांत अख्खी गॅलरी उभी. शिवाय आपल्याकडे उन्हापायी डोक्याला दुपट्टा किंवा टोपी असतेच, तो इंच वेगळा धरा.

काढायचं सोपं आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्यापासून टचलाइनपर्यंतचं आडवं अंतर गुणिले पायरीची उंची. त्यातून वजा करा, त्याच्या डोळ्याची मैदानापासूनची उंची गुणिले पायरीची रुंदी. उरेल त्याला अंतर अधिक रुंदी, या बेरजेनं भागा. सगळं इंचात ठेवा म्हणजे गोंधळ होत नाही.

तुमच्याकडे लोक पायरीवरच बसतात, तेव्हा डोळा पायरीपासून साधारण ३० इंच वर. पहिली पायरी १० इंचांची, म्हणजे पहिल्या ओळीचा डोळा मैदानापासून ४० इंचांवर. अंतर २४० इंच. २४०० वजा १२०० म्हणजे १२००. सरळ चढाच्या गॅलरीत हा १२०० चा आकडा प्रत्येक ओळीला तोच राहतो, फक्त भागणारी संख्या मागे जावं तशी वाढत जाते. दुसऱ्या ओळीला मिळतात ४.४ इंच, म्हणजे उत्तम. चौथ्या ओळीपर्यंत ९० मिलिमीटरच्या वर. दहाव्या ओळीला बरोबर ६० च्या काठावर आणि बाराव्या ओळीला २.१ इंच, म्हणजे ५३ मिलिमीटर. तुमचे वरचे लोक उभे का राहतात, ते यात आलं. त्यांच्या शिस्तीचा त्यात काही दोष नाही.

आता याच पायऱ्यांवर खुर्च्या ठेवा. प्रत्येकाचा डोळा दीड फूट वर गेला, पायरीपासून ४८ इंचांवर. ऐकायला छान वाटतं, पण पुढच्याचाही डोळा तेवढाच वर गेलाय. २४०० वजा १७४०, उरले ६६०. दुसऱ्या ओळीला २.४ इंच, तिसरीपासूनच ६० मिलिमीटरच्या खाली, आणि शेवटच्या ओळीला सव्वा इंचही नाही. शिवाय ३० इंचांच्या पायरीवर खुर्ची ठेवली की मधून जायला वाट फूटभरच उरते, आणि साधं प्लास्टिक आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तडकतं. खुर्चीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना एवढाच कागद दाखवा.

तीच गॅलरी, पायऱ्या तशाच, फक्त टचलाइन ३० फुटांवर. ३६०० वजा १२०० म्हणजे २४००. बाराव्या ओळीला ३.५ इंच, म्हणजे ८८ मिलिमीटर. एक वीट न हलवता. नंतर कधी खुर्च्या लावायच्याच झाल्या तरी शेवटच्या ओळीला ६८ मिलिमीटर उरतात, चालून जातं.

पूर्वेला जागा नसेल तर पूर्वेची रेघ तिथंच ठेवा आणि मैदानाची रुंदीच १० फुटांनी कमी करा. ६८ मीटरचं ६५ मीटर होईल. नियमात रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, त्यामुळे कोणी हरकत घेऊ शकत नाही. गोलपोस्ट दोन्हीकडचे पाच-पाच फूट सरकवावे लागतील, एवढंच काम. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे त्या मधल्या पट्ट्यात धावतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनाही पट्टा रुंदच मिळेल.

यावर कोणीतरी म्हणेल की प्रेक्षक मैदानाच्या जवळ असावा असं सगळीकडे सांगतात आणि तुम्ही लांब न्यायला सांगता. बरोबर आहे, पण जवळ बसवायचं तर पायऱ्या उभ्या चढाच्या लागतात. इटलीत तूरिनला १९९० च्या वर्ल्डकपसाठी देल्ले आल्पी नावाचं अवाढव्य स्टेडियम बांधलं, मधे धावण्याचा ट्रॅक. लोक इतके लांब पडले की ते शेवटी पाडलं आणि त्याच जागी युव्हेंटसनं २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचं, ट्रॅक नसलेलं स्टेडियम उभारलं. जागा कमी झाल्या, माणसं मैदानाला भिडली. पण ते चढ नव्यानं बांधू शकले. तुमचा चढ १० ला ३० असा ओतून ठेवलेला आहे, त्याला झेपेल तेवढंच जवळ जाता येतं. ३० फूट म्हणजे काही फार लांब नाही, थ्रो-इन घेणाऱ्या पोराला नावानं हाक मारता येते.

आता जाळी. पहिल्या पायरीला खेटून माणसाच्या उंचीची जाळी आहे, म्हणजे खालच्या तीन-चार ओळी सामना जाळीतूनच बघतात. वर तिला स्पॉन्सरचे फ्लेक्स बांधलेले. लोक मैदानात घुसतात म्हणून जाळी लागते, हा मुद्दा खोटा नाही. पण पुढून बंद जाळी आणि मागून रेटा, हे गणित इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये १९८९ साली ९७ माणसांच्या जिवावर उठलं. त्यानंतर तिथं मैदानापुढच्या जाळ्या काढल्या. तुम्ही जाळी काढून पायरीपासून पाच फूट पुढे अडीच फूट उंचीचा लोखंडी पाइप आडवा लावा. टचलाइन ३० फुटांवर गेली की पहिल्या ओळीची नजर त्या ठिकाणी ३३ इंचांवरून जाते, म्हणजे पाइप आड येत नाही. मधे मधे मोकळ्या वाटा ठेवा, तिथं स्वयंसेवक उभे करा. फ्लेक्स गोलच्या मागे न्या. फोटोत तिथंच जास्त दिसतात हे स्पॉन्सरला सांगितलं की तो वाद घालत नाही.

आणि तो मान्यवरांचा मंडप! मध्यरेषेवर, गॅलरीच्या ऐन पुढे, कनातीसकट. आत सोफे, पुढं टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या. उद्घाटन झालं की अर्ध्या तासात सोफे रिकामे आणि मागचे दोनशे लोक दिवसभर कापडाकडे बघत बसलेले. गावोगावी हेच. मंडप गॅलरीच्या माथ्यावर, मागच्या बाजूला उभारा. तिथून साहेबांनाही चांगलं दिसतं आणि सावलीही आधी मिळते. हे काम निधीपेक्षा अवघड आहे, माहीत आहे मला. अध्यक्षांना न दुखवता कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सावलीकडे येतो, कारण छपराच्या मागणीचं मूळ तिथं आहे. संक्रांतीच्या सुमारास आपल्या भागात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून २२ अंशांवर असतो, पाचला १० अंशांवर, आणि तो असतो नैर्ऋत्येला. पश्चिमेच्या गॅलरीला ऊन पाठीवर, पूर्वेच्या भरावाला थेट डोळ्यांत. इतका खाली आलेला सूर्य कुठल्याही छपराच्या खालून आत येतो, त्यामुळे पूर्वेला पत्रे टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथल्या लोकांसाठी एकच उपाय, मोठा सामना दीडला सुरू करा आणि साडेतीनच्या आत उरका, छोट्यांचे सामने नंतर घ्या. पश्चिमेला मात्र २२ अंशांवर सावली वस्तूच्या उंचीच्या अडीचपट पडते. गॅलरीच्या मागे कडुनिंबाची रांग लावलीत आणि ती दक्षिणेकडे गॅलरीच्या टोकापलीकडे चार-पाच झाडं जास्त नेलीत, तर काही वर्षांत छपराविना काम भागेल. तोवर मागच्या कठड्याला हिरवी नेट.

छप्पर हवंच असेल तर दोन गोष्टी. खांब पायऱ्यांच्या मधे येऊ देऊ नका. एका खांबामागे दर ओळीत दोन-तीन जणांना गोल दिसत नाही, आणि ते सगळे येऊन तुम्हालाच विचारतात. दुसरी वाऱ्याची. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मे-जूनच्या वादळात गावातले पत्रे कुठल्या कुठं जातात ते आपण बघतोच. पुढं झुकलेल्या छपराला वारा खालून उचलतो, त्यामुळे त्याचा पाया आणि अँकर बोल्ट डिझाइन करायला इंजिनिअर लागतो, गावातला वेल्डर कितीही हुशार असला तरी.

हा खर्च करायच्या आधी गॅलरीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा बांधकाम विभागामार्फत. तुमची जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर पायऱ्या दरवर्षी थोड्या थोड्या हलतात. पायऱ्यांच्या खालून बघा. सळया उघड्या पडून गंजल्यात का, तिरप्या भेगा आहेत का, पाणी झिरपल्याचे पांढरे डाग आहेत का. खुर्च्या कायमच्या बसवलेल्या नसतात अशा गॅलरीसाठी मानक प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ५०० किलोचा भार धरायला सांगतं, आणि गोल झाल्यावर डीजेच्या तालावर सगळे एकदम उड्या मारतात तो हिशेब वेगळा. फायनलला गर्दी वाढते म्हणून बांबू-फळ्यांची जास्तीची गॅलरी उभारायचा विचार तुम्ही शेवटी लिहिलाय, तो सोडा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलच्या ठिकाणी अशीच तात्पुरती गॅलरी माणसांसकट बसली आणि पुष्कळ जण जखमी झाले. त्यापेक्षा पूर्वेच्या भरावाला जेसीबीनं पायऱ्या पाडा आणि कडांना दगड लावा. तिथं मात्र चढ जरा उभा ठेवा, १२ ला ३० तरी.

गॅलरीखालच्या खोलीत मंडपाचं कापड, जुन्या गाद्या, निवडणुकीचे बोर्ड भरून ठेवलेत का? आजच रिकामी करा. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात मे १९८५ मध्ये लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्यानं पेट घेतला, मागची दारं बंद होती, ५६ माणसं गेली. तुमची गॅलरी काँक्रीटची आहे, जळणार नाही, पण धूर पायऱ्यांवरच येणार. सामना चालू असताना कुठलंही फाटक कुलूपबंद नको, किल्ली चौकीदाराच्या खिशात असली तरी नको.

स्क्रीनबद्दल फार लिहीत नाही. दुपारच्या उन्हात दिसेल असा स्क्रीन महाग, त्याला कॅमेरे आणि ते चालवणारी माणसं लागतात, आणि वर्षाचे अकरा महिने तो धूळ खाणार. फायनलला भाड्यानं आणा. त्याऐवजी दीड फूट उंच आकड्यांचा हातानं फिरवायचा स्कोअरबोर्ड उत्तरेच्या गोलमागे उभा करा, दोन्हीकडून वाचता येतो. एका मोठ्या भोंग्यापेक्षा चार छोटे ठेवा, प्रत्येकाचं तोंड जवळच्या लोकांकडे, नाहीतर आवाज पलीकडे पोचेपर्यंत घुमतो आणि कोणाला कार्ड मिळालं तेच कळत नाही. सकाळी टँकरनं मैदानावर पाणी मारा. धुळीत तर सी-व्हॅल्यूही कामाला येत नाही.

बायांसाठी स्वच्छतागृह आणि बसायला एक निवांत कोपरा याची तरतूद निधीत पहिल्या ओळीत टाका. मुलींचे सामने होतात म्हणता, मग त्यांच्या आया बघायला येऊ शकल्या पाहिजेत. व्हीलचेअरसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी गॅलरीच्या टोकाला रॅम्पसह फूट-दीड फूट उंचीचा ओटा करा, पाइपच्या रांगेतच, म्हणजे त्यांच्यापुढं कोणी उभं राहणार नाही.

समितीला कागदावरचा हिशेब पटला नाही तर दोरी घेऊन जा. टचलाइनवर खुंटी ठोका, बाराव्या पायरीवर बसलेल्या पोराच्या डोळ्यापाशी दोरी ताणून धरा, अकराव्या पायरीवर दुसऱ्याला बसवा आणि दोरी त्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते पट्टीनं मोजा. मग खुंटी १० फूट पुढं ठोकून तेच करा. अध्यक्षांना बाराव्या पायरीवर बसवलंत तर उत्तमच.

पूर्वेच्या रेघेपासून भरावापर्यंत किती फूट आहेत आणि भरावाची उंची किती, एवढं मोजून इथंच टाका. त्या बाजूच्या पायऱ्यांचा हिशेब मग करून देतो.