लॅपटॉप तर मिळणार, पुढे सांभाळणार कोण? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या शाळा प्रत्येक मुलाला लॅपटॉप कसे देतात त्यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, तिकडच्या पालकांची तर आलीच पण इकडच्या शिक्षकांची आणि आजी-आजोबांचीही आली. मी बरीच वर्षं तिकडच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, टेक डिपार्टमेंटमध्ये काम केलंय त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, काही निवडक प्रश्न घेतेय.

प्रश्न : आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सप्टेंबरपासून तिसरी ते बारावीच्या सगळ्या मुलांना क्रोमबुक (गूगलच्या सिस्टीमवर चालणारे लॅपटॉप) देणार आहेत. पुढच्या महिन्यात बोर्ड मीटिंग आहे, प्रत्येक पालकाला तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी काय विचारू? – एक आई, न्यू जर्सी

ताई, सगळ्यात आधी हे विचारा की चौथ्या वर्षी पैसे कुठून येणार. पहिल्या वर्षाचे पैसे कुठून तरी येतातच हो, ग्रँट मिळते, बॉन्ड म्हणजे कर्जरोखे काढतात, कोणीतरी देणगी देतं. कोविडच्या काळात तर केंद्र सरकारने शाळांना तीन हप्त्यांत मिळून साधारण १९० अब्ज डॉलर दिले आणि देशभरातल्या डिस्ट्रिक्ट्सनी त्यातून धडाधड मशीन्स घेतली, पण तो पैसा वापरायची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली आणि तेव्हा घेतलेली मशीन्स आता म्हातारी झालीयेत. क्रोमबुकचं अजून एक आहे, प्रत्येक मॉडेलला गूगलचे अपडेट मिळायची एक तारीख ठरलेली असते, ती उलटली की मशीन चांगलं चालत असलं तरी शाळेला ते मुलांच्या हातात ठेवणं अवघड होतं. २०२३ मध्ये ग्राहक संघटनांनी त्यावर आवाज उठवला आणि त्याच वर्षी गूगलने २०२१ पासून आलेल्या मॉडेल्सना १० वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. म्हणून मीटिंगमध्ये सरळ विचारा, कुठलं मॉडेल घेताय, ते बाजारात कधी आलं, आणि अपडेट कुठल्या वर्षापर्यंत आहेत. ही १० वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं मॉडेल गळ्यात मारून घेणारे लोक मी बघितलेत.

तुमच्याच राज्यातलं उदाहरण देते. होबोकनच्या पब्लिक स्कूल्सनी सातवी ते नववीच्या मुलांना लॅपटॉप दिले होते, मंदीच्या काळात जो केंद्राचा मदतनिधी आला होता त्यातून. स्क्रीन फुटल्या, बॅटऱ्या गेल्या, व्हायरस शिरले, काही चोरीला गेले, दुरुस्त करणारी माणसं हातावर मोजण्याएवढी, आणि २०१४ पर्यंत ते सगळे लॅपटॉप एका खोलीत कुलपात पडून होते आणि शाळा ते निकालात काढायच्या मागे होती. होबोकनवाल्यांचा हेतू चांगलाच होता. मशीन आणली, पण सांभाळायला माणूस आणि पैसा ठेवला नाही, बाकी काही चुकलं असं मला वाटत नाही.

लॉस एंजेलिसची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते. २०१३ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने साडेसहा लाखांच्या आसपास मुलांना आयपॅड द्यायचं ठरवलं, सगळी योजना १.३ अब्ज डॉलरची, आणि पैसा शाळांच्या बांधकामासाठी काढलेल्या बॉन्डमधून, म्हणजे इमारतीसाठी काढलेलं लांब मुदतीचं कर्ज आणि त्यातून घेतली चार-पाच वर्षांत जुनी होणारी वस्तू. पहिल्या काही आठवड्यांतच हायस्कूलच्या मुलांनी त्यातली सेटिंग्ज उडवून फेसबुक वगैरे उघडलं, मग शाळेने आयपॅड घरी नेणंच बंद केलं, मग हरवलं तर कोणी भरायचं यावर गोंधळ, मग टेंडरवर प्रश्न, २०१४ च्या ऑगस्टमध्ये करार थांबवला आणि ऑक्टोबरमध्ये सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी, जॉन डीझी यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये एफबीआयवाले येऊन कागदपत्रांची खोकी घेऊन गेले.

याच्या उलट मेन या राज्याचं बघा. गव्हर्नर अँगस किंग यांनी २००२ मध्ये अख्ख्या राज्यातल्या सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले, पुढच्या वर्षी आठवीला. पण तिथे शिक्षकांच्या हातात मशीन आधी आलं, मुलांच्या नंतर, आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम योजनेतच धरलेलं होतं. सुरुवात एकाच इयत्तेपासून केली हेही महत्त्वाचं. तुमच्याकडे तिसरी ते बारावी एकदम चाललंय ना, तर विचारा की आधी एक-दोन इयत्तांना देऊन वर्षभर का बघत नाही.

आणि दुरुस्तीचं नक्की विचारा, कारण मी स्वतः ते टेबल सांभाळलंय. सोमवारी सकाळी पहिल्या तासाच्या आधी दारात मुलांची रांग असायची. कोणी झाकणाला धरून उचललं म्हणून बिजागरी सैल झालेली, कोणी पेन्सिल आत राहिलेली असताना झाकण मिटलं म्हणून स्क्रीनला मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेलेली, कोणाच्या कीबोर्डवरची बटणं भावाने उपटलेली, आणि सगळ्यात जास्त असायची चार्जिंगच्या भोकाची तक्रार, मुलं वायर लावून पलंगावर बसतात, वायर ओढली जाते आणि आतली पिन वाकते. प्रत्येक मुलाला तात्पुरतं दुसरं मशीन द्यायचं, त्याचा नंबर लिहून घ्यायचा, आणि बदली मशीन्स संपली की मुलाला तसंच वर्गात पाठवायचं, आणि मग ते मूल दिवसभर शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसणार. आमच्याकडे बदली मशीन्स फार कमी ठेवली होती आणि त्याचा त्रास मुलांना झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून विचारा, बदली मशीन्स किती ठेवणार, आणि किती शाळांमागे एक टेक्निशियन असणार. नीट उत्तर मिळालं नाही तर तारीख पुढे ढकला म्हणून स्पष्ट सांगा.

प्रश्न : मुलीला शाळेने लॅपटॉप दिलाय, तो रात्री तिच्या खोलीत असतो. शाळेला त्याच्या कॅमेऱ्यातून घरातलं दिसू शकतं का? बायको म्हणते मी उगाच घाबरतोय. – एक बाबा, टेक्सास

दादा, तुम्ही उगाच घाबरत नाहीये. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन डिस्ट्रिक्टमध्ये हे प्रत्यक्ष घडलंय. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधायला म्हणून एक सॉफ्टवेअर टाकलं होतं, ते चालू केलं की मशीन आपोआप कॅमेऱ्याचे आणि स्क्रीनचे फोटो काढून शाळेच्या सर्व्हरवर पाठवायचं, आणि मुलांना पालकांना कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी कोर्टात केस केली तेव्हा बाहेर आलं की असे हजारो फोटो साठलेत, त्यात मुलांचे घरात असतानाचेही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्ट्रिक्टने ६,१०,००० डॉलर देऊन ते मिटवलं.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या बाबतीत लोक सावध झालेत, पण बाकीची नजर वाढलीये. केंद्राचं इंटरनेट अनुदान घ्यायचं तर २००० च्या कायद्याप्रमाणे शाळेला फिल्टर लावावाच लागतो, आणि त्यावर मुलं काय शोधतात काय टाइप करतात ते तपासणारी सॉफ्टवेअर्स बऱ्याच डिस्ट्रिक्ट्स घेतात, ती घरीसुद्धा चालू असू शकतात कारण नजर अकाउंटवर असते, वायफाय कुठलं आहे त्याने फरक पडत नाही. शाळेकडून लेखी मागा की कुठलं सॉफ्टवेअर आहे, ते किती ते किती चालू असतं, आणि माहिती कोण बघतं. तुम्हाला विचारायचा पूर्ण हक्क आहे. घरात दोन गोष्टी करा, रात्री लॅपटॉप हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा आणि त्यावर घरचं अकाउंट, बँक, तुमचं ऑफिसचं ईमेल काहीही उघडायचं नाही. कॅमेऱ्यावर छोटी सरकपट्टी लावा, फक्त ती पातळ घ्या, जाड पट्टीने झाकण मिटताना स्क्रीन फुटते.

प्रश्न : माझा नातू नॉर्थ कॅरोलिनात सहावीत आहे. व्हिडिओ कॉल केला की सारखा लॅपटॉपवर. सून म्हणते आई, अभ्यासच आहे तो. खरंच याने अभ्यास सुधारतो का? – एक आजी, सांगली

आजी, सूनबाईंचं काही अंशी बरोबर आहे. तुमच्या नातवाच्या राज्यातच मूर्सव्हिल नावाचं एक छोटं डिस्ट्रिक्ट आहे, तिथे चौथीपासून पुढे सगळ्यांना लॅपटॉप दिले आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण २००८ मध्ये ८० टक्के होतं ते २०११ मध्ये ९१ टक्क्यांवर गेलं. पण तिथले सुपरिंटेंडंट मार्क एडवर्ड्स यांनी शिकवायची पद्धतच बदलून घेतली होती, शिक्षकांवर खूप मेहनत घेतली होती, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देता येत नाही. उलट पेरू देशात सरकारने खेड्यापाड्यांतल्या शाळांना लाखो लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये अहवाल आला तर गणितात आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे १० अभ्यास एकत्र तपासले, त्यात लिखाण, गणित, विज्ञान यात फायदा दिसला, पण लहानसाच.

आजी, तुम्ही एक करा, पुढच्या कॉलला त्याला म्हणा मला दाखव तू काय करतोयस. निबंध लिहीत असेल, नकाशा काढत असेल, तर आनंदाने दाखवेल आणि तुम्हालाही बघायला मिळेल. टाळाटाळ केली तर सूनबाईंच्या कानावर घाला, प्रेमानेच.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या दुर्गम भागातल्या शाळेत शिक्षक आहे. दोन शिक्षकी शाळा, पट चाळीसच्या आत. गावचे मुंबईला असलेले लोक प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायचं म्हणतायत. नाही म्हणवत नाही, हो म्हणायलाही भीती वाटते. – एक गुरुजी, रायगड जिल्हा

गुरुजी, तुमच्याच जिल्ह्यात हे आधी झालंय. कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यात २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा, म्हणजे प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप द्यायच्या जागतिक योजनेचा, भारतातला पहिला प्रयोग झाला, एक शिक्षकी शाळा आणि विसेक मुलं. ते हिरवे-पांढरे, कानासारखे अँटेना असलेले लॅपटॉप तुम्ही फोटोत बघितले असतील. ही योजना काढणाऱ्या निकोलस नेग्रोपोंटे यांनी १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगाला सांगितलं होतं, प्रत्यक्षात किंमत २०० च्या जवळ गेली. मुलांना त्यातलं काही अवघड गेलं नाही, मुलं पटकन शिकतातच. पण असा प्रयोग एका वाडीत करणं वेगळं आणि तेच सगळ्या जिल्ह्याला पुरवणं वेगळं, आपल्याकडे ते पुढे त्या प्रमाणात पसरलंच नाही. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हाही पुढे दुरुस्ती आणि जुना झालेला अभ्यासक्रम यावरच तक्रारी आल्या.

मला विचाराल तर केरळचा रस्ता बघा. तिथे आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले, मुलागणिक न देता वर्गागणिक दिले, सगळ्या शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, सॉफ्टवेअर मोफत लिनक्सवरचं, मल्याळममधलं, आणि मुलांचेच क्लब केले, 'लिटल काइट्स' म्हणून, ती मुलंच शाळेतली छोटी-मोठी दुरुस्ती आणि देखभाल बघतात.

तर मुंबईकरांना नाही म्हणू नका, यादी बदलून द्या. शाळेला दहाएक लॅपटॉप पुरे, दोन-दोन तीन-तीन मुलं मिळून वापरतील, त्यात मुलं एकमेकांना शिकवतात. उरलेल्या पैशात इन्व्हर्टर, कुलपाचं कपाट, एक प्रोजेक्टर, आणि पाच वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्ती यासाठी बँकेत वेगळी ठेव, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासकट. तुमच्या दोघांच्या हातात मशीन उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्यायला सांगा म्हणजे जूनमध्ये मुलं आली की तुम्ही तयार असाल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती एकदा तालुक्याच्या ठिकाणी जाऊन सगळ्या मशीनवर भरून घ्या, नेट नसलं तरी अडणार नाही. आणि पेटी उघडायच्या दिवशी मराठी टायपिंग चालतंय का ते बघूनच सही करा.

प्रश्न : मुलाच्या हातून शाळेच्या क्रोमबुकची स्क्रीन फुटली, शाळेने पूर्ण मशीनची किंमत मागितलीये. भरू का? – एक पालक, इलिनॉय

लगेच भरू नका. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही सही केलेला कागद काढा, बऱ्याच डिस्ट्रिक्ट्समध्ये वर्षाला थोडी फी घेऊन विमा दिलेला असतो आणि पहिलं नुकसान त्यात बसतं. नसेल तर दुरुस्तीचं वेगळं बिल मागा, स्क्रीन बदलायला अख्ख्या मशीनच्या किमतीपेक्षा बराच कमी खर्च येतो, मी कित्येक बदलल्यात, सुटा भाग आला की फार वेळ लागत नाही. मशीन किती जुनं आहे तेही विचारा, तीन वर्षं वापरलेल्याची नवी किंमत घेणं बरोबर नाही. आणि तेवढेही पैसे जड जात असतील तर काउन्सेलरला भेटा, हप्ते किंवा माफी मिळू शकते, फक्त ते बिल येतं त्या कागदावर सहसा लिहिलेलं नसतं. मुलाला तोवर बदली मशीन द्यायला लावा, पैशाचा वाद चालू आहे म्हणून त्याचा अभ्यास अडता कामा नये.