घरी धनुष्य बनवायचं आहे, सागाची फळी चालेल का?

तुम्ही विचारलंय की जुन्या कपाटाच्या सागाच्या फळ्या पडून आहेत, त्यातून मोठ्या माणसाला ओढता येईल असं धनुष्य होईल का, आणि नसेल होत तर इंदूरमध्ये दुसरं काय मिळेल. सागाच्या बाबतीत मी स्वतः हात पोळून घेतलेत, म्हणून लिहितो.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची चौकट काढली, तेव्हा तिच्यातून मी पावणेसहा फुटांची पट्टी चिरून घेतली. रंग असा की घासताना हात थांबेना. आठवडा घातला. पहिल्यांदा पूर्ण ओढली आणि मुठीच्या वर वीतभर अंतरावर फाट्‌कन दोन तुकडे. वरचा कपाळाला चाटून गेला. मिस्त्री बघून म्हणाले, "बाबूजी, ये तो चौखट ही अच्छा था." साग वाळवीला आणि पावसाला दाद देत नाही, पण धनुष्याला हवा तो चिवटपणा त्याच्यात कमी. तरी सगळा दोष सागाचा नव्हता. पट्टीवरच्या रेषा तिरक्या होत्या, मधेच कडेला निसटत होत्या. जिथे निसटत होत्या तिथेच ती मोडली.

म्हणून जातीच्या आधी रेषा बघा. धनुष्याची लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडची पोट. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवर वाढीचा एकच थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहिला पाहिजे. करवत रेषेला जुमानत नाही. पाचर मारून ओंडका फोडला तर लाकूड आपल्याच रेषेनं उकलतं. फोडलेलं मिळत असेल तर तेच घ्या. आणखी एक करा: त्याच लाकडाची बोटाएवढी, वीतभर काडी हातानं मोडा. गाजरासारखी कट्‌कन तुटली तर ते सोडा. कुरकुरत, लांब झिलप्या काढत, नाइलाजानं मोडली तर घरी आणा.

इंटरनेटवर धनुष्याच्या लाकडासाठी जिकडेतिकडे यू आणि ओसेज ऑरेंज या परदेशी झाडांची नावं वाचली असतील. यूचा मान खरा आहे. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजातून यूची शंभरावर अखंड धनुष्यं निघाली. पांढरं बाहेरचं लाकूड पाठीला, तांबूस गाभा पोटाला, असं दुपदरी काम त्या झाडात आयतंच मिळतं. त्याचा हिमालयातला भाऊ थुनेर, पण तो दुर्मीळ आणि संरक्षित. त्याच्या वाटेला जाऊ नका. ओसेज अमेरिकेतलं. मात्र ते तुतीच्याच कुळातलं, आणि तुती आपल्याकडे कुंपणाला सापडते. कुणी सरळ बुंधा तोडणार असेल तर मागून ठेवा. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासा, नाहीतर मे महिन्यात टोकं उभी तडकतात.

जंगली लाकडात माझी पसंती धामणला. (नाव काढलं की घरचे आधी पाय वर घेतात, साप नव्हे, झाड, फालशाचं भाऊबंद.) हत्यारांचे दांडे आणि गाडीच्या धुऱ्या त्याच्या करतात, यावरूनच त्याचा चिवटपणा कळावा. लाकडाच्या वखारीत क्वचितच मिळतं.

पण पहिलंच धनुष्य असेल तर सरळ बांबू घ्या. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्लांचा तीरकामठा बांबूचाच, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिरफळीची. हस्तकलेच्या दुकानातला शोभेचा मात्र ओढू नका, तो भिंतीसाठी असतो. सुपं-टोपल्या विणणाऱ्यांना लाठीचा, जाड भिंतीचा जून बांबू मागा. कोवळा नको, निदान तीन वर्षांचा हवा, आणि शक्यतो हिवाळ्यात तोडलेला. त्यात पिष्ट कमी, म्हणून कीडही कमी. उभा फोडून दीड-पावणेदोन इंच रुंदीची पट्टी काढा. सगळ्यात दाट धागे सालीलगत असतात, म्हणून साल पाठीला ठेवा आणि तिला कानस लावू नका. पेराचे उंचवटेही तसेच राहू द्या. जे काय तासायचं ते पोटाकडून.

तासताना एक हिशेब डोक्यात असू द्या. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणजे जाडीतला केसाएवढा फरकही जाणवतो. शेवटी शेवटी मी रंधा बाजूला ठेवतो आणि फुटक्या काचेनं खरवडतो. दर दहा-बारा खरवडींनंतर थोडं ओढून, धनुष्याचे दोन्ही बाहू (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखे वाकतात का ते भिंतीवरच्या आडव्या रेघेशी ताडून बघतो. नवख्यासाठी 28 इंच ओढ (दोरी मागे किती येते ते अंतर), साडेपाच फुटांच्या वर लांबी आणि 25-30 पौंडांचा जोर पुरे.

हे काम जुलै-ऑगस्टात काढू नका. दमट लाकूड ओढलं की दोरी उतरवल्यावरही वाकडंच राहतं. बाण न लावता दोरी सोडू नका, सगळा झटका लाकडालाच बसतो. आणि पहिली पूर्ण ओढ घेताना डोळ्यांवर गॉगल चढवा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.